मोरसची साखर आणि फराशीस अमलाचे कोंकणी अवशेष

कोंकणच्या दक्षिण किनाऱ्यावर परकीय दर्यावर्दी राष्ट्रांच्या खुणा शोधूं गेल्यास त्या फारशा श्रमावांचून सांपडतात. वेंगुर्ल्यास डचांच्या वखारीच्या भिंती अद्याप उभ्या आहेत. तेरेखोलची खाडी ओलांडली कीं पोर्तुगीज अमलाची साक्ष घरोघर मिळते. इंग्रजांनीं १७६५ सालीं सिंधुदुर्ग किल्ला घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांव ठेविलें. पुढच्याच वर्षीं किल्ला करवीरकरांकडे परत गेला व तें नांव कागदांतच राहिलें. परंतु १८१२ सालीं मालवण त्यांच्याकडे गेलें तें मात्र त्यांचें राज्य संपेपर्यंत. या मालिकेंत फ्रेंचांचें, म्हणजे आपल्या जुन्या कागदांतील फराशिसांचें, नांव सहसा निघत नाहीं. राजापुरास सतराव्या शतकांत त्यांची एक वखार होती खरी, पण तींतून सत्ता अशी कांहीं उपजली नाहीं. मालवणपासून बांद्यापर्यंत फराशिसांचा म्हणून दाखवावा असा एकहि चिरा मला आजवर आढळलेला नाहीं.

यावरून फराशीस अमलाचा व कोंकणाचा कांहीं संबंध नाहीं असें समजलें जातें. तें बरोबर नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आपल्या किनाऱ्यावरून जीं माणसें गेलीं त्यांच्या वंशजांच्या नांवांत, बोलींत व वारसाहक्कांत ते अवशेष आहेत. आणि त्या माणसांचीं मूळ गांवें शोधावयाचीं झाल्यास त्या अवशेषांच्या ज्ञानावांचून गति नाहीं. ही दुसरी गोष्ट मी स्वतः चूक करून शिकलों. तिची हकीकत योग्य स्थळीं येईल.

माझी आजी साखरेचे दोन प्रकार मानीत असे, एक देशी व दुसरी मोरस. मोरस पांढरी शुभ्र, पण सोंवळ्याच्या नैवेद्यास ती चालत नसे. कारण ती हाडांच्या कोळशानें शुद्ध करितात अशी समजूत होती. समजूत निराधार नव्हती. एकोणिसाव्या शतकांतील साखरशुद्धीच्या कारखान्यांत हाडांचा कोळसा खरोखरच वापरीत असत. मोरस हा शब्द मॉरिशस या नांवाचा अपभ्रंश होय. त्या बेटाची साखर मुंबई बंदरांत उतरे आणि तेथून सर्वत्र जाई. आपल्याकडे हा शब्द आतां मागें पडला. गुजराथींत मात्र साखरेस अद्याप मोरस म्हणतात. देव्हाऱ्यांत न चालणाऱ्या त्या साखरेचा ऊंस ज्यांनीं तोडला त्यांत आपल्याच जिल्ह्याचे लोक होते, हें आजीस ठाऊक नव्हतें, आणि साठी उलटेपर्यंत मलाहि ठाऊक नव्हतें.

मराठे व फराशीस यांचा संबंध मुळांत बराच जुना आहे. फ्रेंच कंपनीची स्थापना १६६४ सालची व तिची सुरतेची वखार १६६८ ची. पुदुचेरीस फ्रांस्वा मार्तें यानें १६७४ सालीं बस्तान बसविलें, आणि तीनच वर्षांनीं शिवाजी महाराज कर्नाटकाच्या स्वारीवर तिकडे उतरले. मार्तेंनें त्यांच्याकडे झेर्में नांवाचा वकील पाठविला. त्यानें पाहिलेल्या छावणीचें वर्णन मार्तेंच्या आठवणींत आहे. थाट नाहीं, बायका नाहींत, सामानाचा पसारा नाहीं. जाड्याभरड्या कापडाचे लहानसे दोनच तंबू, एक महाराजांचा व दुसरा मुख्य प्रधानाचा. व्हर्सायच्या ऐश्वर्याच्या गोष्टी ज्यांच्या कानांत ताज्या होत्या त्या लोकांस याचें नवल वाटलें असल्यास आश्चर्य नाहीं. पुढें राजाराम महाराज जिंजीस असतां, १६९३ सालीं, डचांनीं पुदुचेरी घेतली; ती १६९७ च्या रिस्विकच्या तहानें फ्रेंचांस परत मिळाली. कारिकल बंदर तर त्यांस १७३९ सालीं तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यांतूनच मिळालें.

पुण्याच्या दरबाराशीं त्यांचा जो व्यवहार झाला तो कोंकण किनाऱ्यास अधिक जवळचा. १७७७ च्या मार्च महिन्यांत सेंट लुबिन नांवाचा फ्रेंच गृहस्थ चौलाकडे जहाजांतून उतरला, पुण्यास गेला, आपल्या राजाचीं पत्रें दाखवून त्यानें नाना फडणिसांशीं बोलणें लाविलें, आणि मदतीच्या मोबदल्यांत चौल बंदरावर डोळा ठेविला. पुण्यांतील इंग्रज वकिलाची या वार्तेनें झोंप उडाली. १७७८ सालीं इंग्रज-मराठे युद्ध पुन्हां पेटलें त्याच्या कारणांत या मसलतीची गणना होते. त्याच सालीं सेंट लुबिन निघून गेला. फ्रेंच पलटण कांहीं आली नाहीं. नानांनीं हें प्यादें इंग्रजांस भिवविण्यापुरतेंच पुढें केलें होतें असें माझें मत आहे.

ती पलटण आली असती तर कोठून आली असती? फ्रान्सहून नव्हे. केप ओलांडून येणारें फ्रेंच आरमार ज्या बेटांत विसावे, डागडुजी करी, माणसें व धान्य भरी, त्या बेटांतून. त्याचें फ्रेंच नांव ईल द फ्रान्स, म्हणजे फ्रान्सचें बेट. तेंच आजचें मॉरिशस. १७४६ सालीं मद्रास घेणारा ला बुर्दोने याच बेटाचा गव्हर्नर होता. १७८१ पासूनच्या आरमारी युद्धांत सुफ्रेनचा आधार हेंच बेट. १७९८ सालीं टिपू सुलतानाचे वकील मदत मागावयास गेले ते येथेंच. तेथील गव्हर्नरानें जाहीरनामा लावून त्यांच्या मसलतीचा डांगोरा पिटला आणि मंगळुरास पाठविलीं जेमतेम शंभर माणसें. इतक्या तुटपुंज्या मदतीपायीं इंग्रजांस युद्धाचें निमित्त मात्र आयतें मिळालें. सारांश, ज्यास आपण हिंदुस्थानांतील फराशीस प्रकरण म्हणतों त्याचा दोर या बेटाच्या खुंट्यास बांधलेला होता.

बेटाच्या नांवासंबंधीं येथें थोडें विषयांतर करितों. १५९८ सालीं डच तेथें उतरले व त्यांनीं आपल्या मॉरित्स नांवाच्या राजपुत्राचें नांव त्यास दिलें. बिहारकडील मजूर त्यास मारीच किंवा मिरिच देश म्हणत. त्यावरून रामायणांतील मारीचाशीं त्याचा संबंध जोडणारे विद्वान मला भेटले आहेत. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें त्यांत कांहीं अर्थ नाहीं. परंतु तेथें दगड उलटला कीं खालीं सोनें सांपडतें असें सांगून मजूर भरती करीत, ही आख्यायिका त्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आणि ती ऐकल्यावर सुवर्णमृगाची आठवण होत नाहीं असें मी तरी म्हणणार नाहीं.

डच लोक १७१० सालीं बेट सोडून गेले. १७१५ सालीं फ्रेंचांनीं तें घेतलें. ला बुर्दोनेची कारकीर्द १७३५ पासूनची. पोर्ट लुई शहर व बंदर, सडका व साखरेचे पहिले कारखाने हें त्याच्याच काळचें काम होय. त्यासाठीं पुदुचेरीकडून कारागीर नेले होते, पण मळ्यांवर राबत ते मादागास्कर व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले गुलाम. त्यांच्यासाठीं १७२३ सालीं वेगळी संहिता लागू करण्यांत आली होती. तिला काळी संहिता म्हणत. नेपोलियनची दिवाणी संहिता १८०५ सालीं सेनापति दकां यानें बेटांत आणिली.

इंग्रजांनीं बेट घेतलें १८१० च्या डिसेंबरांत (शके १७३२). त्याआधीं ऑगस्टांत ग्रां पोर येथें त्यांच्या आरमाराचा मोठा पराभव झाला होता. पॅरिसच्या विजयकमानीवर त्या लढाईचें नांव कोरलेलें आहे. अखेरच्या स्वारीचा सेनापति ॲबरक्रॉम्बी हा मुंबई लष्कराचा सरसेनापति होता, आणि पूर्वतयारीसाठीं १८०९ सालींच रॉड्रिग्ज बेटांत जी फौज उतरविली तींत मुंबई पायदळाची तुकडी होती. मुंबई लष्करांत कोंकणी शिपायांचा भरणा त्या काळीं मोठा असे. तेव्हां आपल्या बाजूचे कांहीं लोक त्या समुद्रांत मजूर म्हणून जाण्यापूर्वीं पंचवीस वर्षें शिपाई म्हणून गेले असले पाहिजेत.

३ डिसेंबर १८१० रोजीं जो शरणागतीचा करार झाला त्यांतील एक कलम आपल्या विषयाचा कणा आहे. रहिवाशांचा धर्म, त्यांचे कायदे व त्यांच्या रूढि कायम राहतील, असें इंग्रजांनीं मान्य केलें. १८१४ च्या पॅरिसच्या तहानें शेजारचें बूर्बों बेट, आजचें रेयुन्यों, फ्रान्सला परत मिळालें व तें आजतागायत फ्रान्सचेंच आहे. मॉरिशस इंग्रजांकडे राहिलें. निशाण बदललें; मळ्यांचे मालक, वकील, पाद्री, वर्तमानपत्रें व घरांतील भाषा हें सर्व पूर्ववत्‌ फ्रेंच राहिलें. १८४७ सालीं वरिष्ठ न्यायालयाची भाषा इंग्रजी झाली, पण इंग्रजींत वाद चाले तो फ्रेंच संहितेवर! राज्य गेल्यावर राज्यपद्धति किती काळ टिकते याचें इतकें ठळक उदाहरण आपल्या बाजूस दुसरें नाहीं. हिंदुस्थानांत पुदुचेरी, कारिकल, माहे व यानाम हीं स्थळें १ नोव्हेंबर १९५४ पर्यंत फ्रेंचांकडे होतीं व कायदेशीर हस्तांतर १६ ऑगस्ट १९६२ रोजीं झालें. म्हणजे मॉरिशसहून दीडशें वर्षें अधिक. परंतु सामान्य जनांच्या जिभेवर फ्रेंच भाषेचा ठसा मॉरिशसांत जितका उमटला तितका तेथें उमटला नाहीं.

१ फेब्रुवारी १८३५ रोजीं बेटांतील गुलामगिरी कायद्यानें संपली. मळेवाल्यांस इंग्रज सरकारानें वीस लक्ष पौंडांहून अधिक भरपाई दिली. गुलामांस कांहीं दिलें नाहीं. मळ्यांस माणसें हवीं होतीं. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं अॅटलास जहाजानें कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईस उतरविले होते. तेव्हांपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लक्ष हिंदी लोक तेथें गेले. बहुतेक कलकत्त्याहून, त्या खालोखाल मद्रासहून. मुंबईचा वांटा दहांत एकाहूनहि कमी, आणि तोहि मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचा. परंतु या लहान वांट्यांत जुना रत्नागिरी जिल्हा, सावंतवाडी संस्थान, कोल्हापूर व सातारा येथील माणसें होतीं. किनाऱ्यावरचा मनुष्य पत्तेमारींत बसून मुंबईस पोट भरावयास जातच असे. तेथें मुकादम गांठी आणि गिरमिटावर अंगठा घेई. चाकरमानी म्हणून घर सोडलेला मनुष्य अशा रीतीनें चार हजार किलोमीटरांहून अधिक दूर गेला, आणि घरीं निरोप पोंचला नाहीं, असें किती घरांत घडलें असेल याची गणती कोणीं ठेविलेली नाहीं.

गिरमिट पांच वर्षांचें. पगार महिना पांच रुपये व त्यावर तांदूळ, डाळ, मीठ. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापीत. तेथील भाषेंत यास दुहेरी काप म्हणत. मुदत संपलेल्या मजुरासहि १८६७ च्या कायद्याप्रमाणें छायाचित्र चिकटविलेला परवाना बाळगावा लागे. नसल्यास भटक्या म्हणून तुरुंग. १८७१ सालीं दे प्लेवित्झ नांवाच्या गृहस्थानें या जुन्या मजुरांचा अर्ज तयार केला. त्यावर ९४०१ निशाण्या होत्या. मळेवाले त्याच्यावर इतके खवळले कीं त्यास मारहाण झाली. पण १८७२ सालीं चौकशीसाठीं बादशाही आयोग आला व त्याचा अहवाल १८७५ सालीं निघाला. मजूर इंग्रज सरकारचे, कायदे करणारें मंडळ बहुतांशीं फ्रेंच मळेवाल्यांच्या वजनाखालचें, असा तो दुहेरी कारभार होता. आणि जबाबदारीच्या वेळीं प्रत्येकानें दुसऱ्याकडे बोट दाखविलें.

आतां अवशेषांकडे येऊं. पहिला कायद्याचा. नेपोलियनच्या संहितेंत वारसा मुलग्यास व मुलीस सारखा, आणि बापास मृत्युपत्र करूनहि मुलांस सर्वस्वीं वंचित करितां येत नाहीं. मिताक्षरेच्या छायेंत वाढलेल्या कोंकणी कुळवाड्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मोठे मळे तुकडे पाडून विकले जाऊं लागले तेव्हां, पै-पै सांठवून जमीन घेतली, आणि ती घेतांच तो या फ्रेंच नियमाखालीं आला. आपल्याकडे मुलीस वारसाचा हक्क १९५६ सालीं मिळाला व वडिलोपार्जित मिळकतींत जन्मतः वांटा २००५ सालीं. सिंधुदुर्गाच्या वाचकास ही गोष्ट परकी वाटण्याचें कारण नाहीं. ज्यांची सोयरीक पेडण्यास किंवा डिचोलीस आहे त्यांस गोव्यांतील १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेची ओळख आहे. ती संहिताहि फ्रेंच संहितेच्याच कुळांतली. म्हणजे तेरेखोलपलीकडील आपल्या भाचीस व मॉरिशसांतील आपल्या नातलगाच्या मुलीस जें मिळे तें मालवणांतील मुलीस मिळत नसे. याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. दिवाणी दफ्तरांत नोंद नसलेला विवाह कायद्यास मान्य नसे, मग सप्तपदी झालेली असो वा नसो. त्यामुळें पुष्कळ औरस संततीची गणना दफ्तरीं अनौरसांत झाली, आणि वारशाचें उदार कलम त्यांच्यापुरतें निष्फळ ठरलें.

दुसरा अवशेष बोलीचा. बेटाची राज्यभाषा इंग्रजी, वर्तमानपत्रांची फ्रेंच. पण घरांत, बाजारांत व शेतावर जी बोलतात ती क्रेओल. गुलामांच्या तोंडीं फ्रेंच भाषेचें जें रूपांतर झालें तीच ही बोली. व्याकरणाच्या अभ्यासकास ती अत्यंत मनोरंजक आहे. फ्रेंचांत नामापूर्वीं उपपद लागतें. क्रेओलींत तें नामास कायमचें चिकटून गेलें. फ्रेंच द्यु री, म्हणजे तांदूळ, याचें दिरी झालें. द लो, म्हणजे पाणी, याचें दिलो. द्यु स्युक्र, साखर, याचें दिसिक. ला मेर, समुद्र, याचें लामेर. ला काझ, झोंपडी, याचें लाकाझ, आणि अर्थ घर. सर्वांत मौजेचा शब्द पक्ष्याचा. फ्रेंचांत अनेकवचनीं उपपदाच्या शेवटचा स एरवीं मुका असतो, पण पुढें स्वर आला कीं तो झ होऊन उच्चारला जातो. आपल्या संधिनियमांची येथें सहजच आठवण होते. ले व वाझो मिळून ले-झ्वाझो. कानानें भाषा शिकणाऱ्यानें तोड चुकीच्या जागीं पाडली आणि पक्षी झाला झ्वाझो. याच्या उलट प्रकार आपल्याच नारंग शब्दाचा युरोपांत झाला. तेथें आरंभींचा न उपपदाकडे गेला व ओरांज उरला. क्रेओलींतील मो आणि तो, म्हणजे मी आणि तूं, हे फ्रेंच म्वा व त्वा यांपासून निघाले. आणि त्यांचें मूळ शोधीत गेल्यास तें संस्कृत मे व ते यांच्या गोत्राशीं जाऊन मिळतें. मालवणी मनुष्याचा नातू आपल्या आजोबांच्या भाषेचे दूरचे आप्त अशा आडमार्गानें बोलतो.

स्थलनामेंहि पाहण्यासारखीं आहेत. कात्र बोर्न म्हणजे चार हद्दीचे दगड. पांप्लमूस म्हणजे पपनस, आणि आपल्या पपनसाचें नांव त्याच कुळांतील असावें. मराठी वस्ती ज्या वाक्वा गांवीं बरीच आहे त्याचें नांव एका झाडावरून पडलें. तें झाड केतकीच्या जातीचें. आपण ज्यास डाळवडा म्हणूं तो तेथें गातो पिमां या नांवानें विकला जातो. गातो म्हणजे केक व पिमां म्हणजे मिरची. मिरचीचा केक!

या सर्वांत मराठीपण टिकलें नाहीं असें कोणीं समजूं नये. मराठी वंशाच्या लोकांचें प्रमाण तेथें शेंकडा दोनच्या आसपास आहे. पण त्यांचा गणेशोत्सव इतका रुजला आहे कीं गणेशचतुर्थीस सर्व बेटास सुट्टी असते. कास्कावेल येथें त्यांचें जुनें मंदिर आहे. जाखडी नाच ते झाकरी या नांवानें नाचतात, गोंधळ घालतात. मराठी सरकारी शाळांतून शिकविली जाते व मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत तिचा स्वतंत्र विभाग आहे. संशोधकासाठीं एक गोष्ट नमूद करितों. जाखडीचें माहेर राजापूरच्या उत्तरेस अधिक; तेव्हां मॉरिशसचे सर्व मराठे मालवण-सावंतवाडीचे असें जें आपल्याकडील कांहीं उत्साही मंडळी म्हणतात तें जाखडीच्या पुराव्यावर टिकत नाहीं. गुहागर-चिपळूणकडचा भाग त्यांत मोठा असला पाहिजे.

तिसरा अवशेष नांवांचा, आणि माझी चूक येथलीच. कांहीं वर्षांपूर्वीं तेथील एक वृद्ध गृहस्थ, पत्नी व मुलीसह, पूर्वजाचें गांव शोधीत मालवणास आले. कोणीतरी त्यांस माझ्याकडे आणून सोडलें. त्यांच्याजवळ जुन्या नोंदीची एक प्रत होती. तींत मजुराचें नांव, बापाचें नांव, वय, उंची, गांव व जिल्हा एवढें होतें. गांव आडी असें वाचावें अशा अक्षरांत होतें, जिल्हा रत्नागिरी. मीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें कीं हें वेंगुर्ल्याजवळील आडेली असावें. बिचारीं तीन दिवस आडेलीस खेपा घालीत राहिलीं. ग्रामस्थांनीं आदरसत्कार पुष्कळ केला. धागा मात्र जुळेना. तिसऱ्या रात्रीं जेवतांना ते गृहस्थ फ्रेंच वळणाच्या इंग्रजींत बोलत होते. हॉटेलास ते ओतेल म्हणाले. मीं घांस तसाच ठेविला. फ्रेंच जिभेस ह नाहीं! पोर्ट लुईच्या कचेरींत लिहिणारा कारकून जर क्रेओल बोलणारा असेल, तर मालवण तालुक्यांतील हडी गांव त्याच्या कानास आडीच ऐकूं येणार. तीस-पस्तीस वर्षें मुलांस उच्चारस्थानें पढविलीं, आणि हकाराचा लोप मला तीन दिवसांनीं सुचला.

दुसऱ्या दिवशीं हडीस गेलों. तेथील वृद्ध मानकऱ्यानें पहिला प्रश्न केला, "पाव्हण्यांचां आडनाव काय?" कोंकणांत तो प्रश्न रास्तच आहे, आडनांवावरून वाडी, वाडीवरून कुळ, कुळावरून देवस्थानांतील मान असा माग लागतो. पाहुण्यांनीं जें आडनांव सांगितलें तें होतें मूळ पुरुषाचें पाळण्यांतलें नांव. मजुरांच्या यादींत आडनांव लिहीतच नसत. पुढें मुलें झालीं, त्यांची नोंद फ्रेंच पद्धतीच्या दिवाणी दफ्तरांत करावयाची तर प्रत्येकास कुलनाम हवें. तेव्हां बापाचें नांव तेंच कुलनाम होऊन बसलें. रामजी, भिवाजी असलीं नांवें तेथें आज आडनांवें आहेत तीं यामुळें. ज्या किल्लीनें कोंकणचें कुलूप उघडतें नेमकी तीच किल्ली त्या दफ्तरांत हरवली. मानकऱ्यानें क्षणभर विचार केला, मग म्हणाला, "आसांदे. गाराणां तरी घालूंया." देवळांत त्यानें गाऱ्हाणें घातलें, त्यांत दर्यापार गेलेलें लेंकरूं असा उल्लेख केला. पाहुण्यांस भाषा कळली नाहीं. कन्येनें तें सर्व ध्वनिमुद्रित करून घेतलें. गांव हडीच याचा निर्णायक पुरावा माझ्याजवळ अद्याप नाहीं.

असे लोक आतां दरवर्षीं येतील. म्हणून नोंदी वाचण्याच्या कांहीं सूचना येथें देतों. आद्य ह लुप्त असण्याची, आणि क्वचित्‌ नसलेला ह घुसडलेला असण्याचीहि, शंका सदैव धरावी. फ्रेंच वळणाच्या लेखनांत च हा श सारखा दिसतो. ट-ड आणि त-द यांत भेद उरत नाहीं, म्हणून वाडी व वादी एकच. आचरें, कुणकेरी अशा नांवांतील अंत्य स्वर विश्वसनीय मानूं नये. त्या काळचे इंग्रजी कारकूनहि तो वाटेल तसा लिहीत. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे रत्नागिरी जिल्हा असें लिहिलेलें पाहून पाहुण्यांस थेट रत्नागिरीस धाडूं नये. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं वेगळा झाला; त्यापूर्वींचें मालवण, देवगड, वेंगुर्लें हें सारें रत्नागिरींतच मोडे, आणि सावंतवाडी तर निराळें संस्थान. ज्या नोंदींत नुसतें मुंबई असें गांव असेल ती जहाजांत चढण्याच्या बंदराची नोंद असण्याचा संभव अधिक.

पुराव्याची दुसरी बाजू आपल्या घरांत आहे. जुन्या वहिवाटीच्या तंट्यांत एखाद्या भावाचा वांटा बेपत्ता म्हणून बाजूस ठेविलेला असतो. एखाद्या वंशावळींत एका नांवापुढें "मोरसास गेला" किंवा नुसतें "दर्यापार" असें लिहिलेलें असूं शकेल. एखाद्या पेटींत पोर्ट लुईचा शिक्का असलेलें पत्र असेल. सन १८३५ ते १८७० च्या दरम्यानचा असा कोणताहि कागद, मग तो फाटका का असेना, वाचकांपैकीं कोणाकडे असल्यास त्यानें त्याची नक्कल, गांव व वाडी यांच्या नांवासह, मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद पाठवूं नये. पावसाळ्यांत टपालाचा भरंवसा नाहीं.